बाहेरचे की घरचेच?

आमचे थोरले मामा कर्करोगाने गेले, त्याला आता बारा वर्षे होतील. खालच्या ओठाच्या आत, जिथे ते तंबाखूची चिमूट धरीत, तिथेच आरंभी एक पांढरट चट्टा दिसू लागला. पुढे त्याची जखम झाली आणि जखमेची गाठ झाली. नागपूरच्या वाऱ्या सुरू झाल्या तेव्हा कपाशीचे दिवस होते. समुद्रपूरच्या स्टँडवर आम्ही दोघे एस. टी.ची वाट पाहत बसलो असता मामांनी पदराच्या कडेसारखा दुमडलेला रुमाल तोंडावरून बाजूला केला आणि मला विचारले, "काहून रे बापू, हे बाहेरून आलं, का माह्याच आंगातलं व्हय?"

मी शाळामास्तर. लोक मला काहीबाही विचारतात आणि मी काहीबाही उत्तरे देतो. त्या दिवशी मात्र मला उत्तर सुचले नाही. "बाहेरचंच असन मामा," असे काहीतरी मी बोलून गेलो. त्याचे फळ असे झाले की, बाहेरून आलेला रोग म्हणजे लागणारा रोग, असा अर्थ घरात घेतला गेला. मामांचा गडवा वेगळा झाला, ताट वेगळे झाले, त्यांचा बिछाना ओसरीवर गेला. माझी धाकटी मुलगी त्यांच्या मांडीवर जाऊन बसे, तिला मीच हळूच उचलून बाजूला केले. मामांनी ते पाहिले. ते काही बोलले नाहीत.

पुढे मी त्या प्रश्नाच्या मागे लागलो. माझे विज्ञान मॅट्रिकपर्यंतचे, तेव्हा पुष्कळ वाचावे लागले, पुष्कळांना विचारावे लागले. वाचता वाचता मला आढळले की, मामांनी बसस्टँडवर विचारलेला प्रश्न हाच विसाव्या शतकातल्या कर्करोग-संशोधनाचा मुख्य प्रश्न होता. बाहेरून येते की आतून? त्याचे उत्तर शोधताना न्यूयॉर्कच्या कोंबड्या, मुंबईचे उंदीर, दिल्लीच्या माश्या आणि जपानातल्या काचेच्या बशा यांची अशी काही सांगड पडली आहे की, ती हकीकत मराठी वाचकांना एकदा सलग सांगावी असे वाटले.

*

हा रोग आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेत 'अर्बुद' या नावाने गाठींचे वर्णन आहे. पहिल्या गाठीवर दुसरी उठली की तिला 'अध्यर्बुद' म्हणतात, असेही तिथे सांगितले आहे. ग्रीक वैद्यांना त्या गाठीभोवती पसरलेल्या फुगीर शिरा पाहून खेकडा आठवला आणि त्यावरून जे नाव पडले त्याचेच भाषांतर आपण 'कर्करोग' असे केले. पण गाठ ही पेशींची असते, आणि प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीतूनच जन्मते, हे समजायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. जर्मनीतल्या रुडोल्फ फिर्खो यांनी 1858 साली ते ठासून सांगितले.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कर्करोगाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया ज्या माणसाने घातला त्यांचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म 1895 चा. लंडनला विकृतिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते मुंबईत परतले आणि वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवू लागले. इकडे सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या होत्या. दोराबजीही पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले, त्याचे उद्घाटन 28 फेब्रुवारी 1941 रोजी झाले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली.

खानोलकरांनी पहिले काम केले ते मोजण्याचे. कोणत्या जातीजमातीच्या, कोणत्या प्रांतातल्या, कोणत्या सवयीच्या माणसाला कोणत्या जागी गाठ येते याची त्यांनी नोंद ठेवली. मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या 1000 रोग्यांचा त्यांचा आढावा 1944 साली अमेरिकेतल्या 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धोतर कमरेला घट्ट आवळून वर्षानुवर्षे एकाच जागी घासले की तिथे होणाऱ्या कर्करोगाचे वर्णनही त्यांनीच पुढे केले. रोग माणसाच्या राहणीतून कसा वाट काढतो, हे त्यांनी आपल्या देशात प्रथम नीट दाखवून दिले.

तेव्हा 'बाहेरून' हे उत्तर एका अर्थाने खरेच होते. तंबाखू बाहेरून येते, चुना बाहेरून येतो. पण तंबाखू काही गाठ होत नाही. गाठ होते ती तिथल्या पेशींची. बाहेरच्या वस्तूने आतल्या पेशीला असे काय केले, की ती बिघडली?

योगायोग पाहा. ज्या 1944 सालच्या खंडात खानोलकरांचा लेख आहे, त्याच खंडात फिलाडेल्फियाच्या डेल कोमन नावाच्या संशोधकाचा एक छोटा लेख आहे. त्याने ओठाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी घेतल्या, सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशींच्या जोडीला काचेच्या बारीक सुया लावल्या, आणि त्या एकमेकींपासून ओढून काढायला किती जोर लागतो ते मोजले. निरोगी पेशींच्या मानाने कर्करोगाच्या पेशी फार थोड्या ओढीत सुटत. एकाने मुंबईत माणसे मोजली आणि दुसऱ्याने तिकडे पेशींची पकड मोजली. दोघांचे लेख एका बांधणीत शेजारी राहिले. मात्र त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे कळायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षे गेली.

*

आता कोंबड्यांकडे वळू. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस नावाचा तरुण डॉक्टर होता. कोंबडीच्या अंगावरची एक गाठ त्याने वाटली, तिचा रस इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात एकही पेशी उरू नये, आणि तो रस दुसऱ्या कोंबडीला टोचला. तिलाही गाठ झाली. हे 1911 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे गाठ विषाणूने होते, बाहेरूनच येते! लोकांनी फारसा विश्वास ठेवला नाही. राउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते 1966 साली, वयाच्या 87 व्या वर्षी.

पुढे 1936 साली जॉन बिटनर या अमेरिकन संशोधकाने उंदरांवर असाच एक प्रयोग केला. उंदरांच्या काही वंशांत स्तनांचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या होई, तेव्हा तो रक्तातूनच येतो असा समज होता. बिटनरने अशा वंशाची पिल्ले जन्मताच उचलून निरोगी वंशाच्या मादीच्या अंगावर पाजली, आणि त्यांच्यात रोगाचे प्रमाण एकदम उतरले. रोग आईच्या दुधातून येत होता. दुधातला तो 'घटक' म्हणजे एक विषाणू होता, हे मागाहून ठरले.

याच उंदरांच्या कामाशी एका मराठी बाईंचे नाव कायमचे जोडलेले आहे. कमल समर्थ, जन्म 8 नोव्हेंबर 1917, पुणे. वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती, पण हुजूरपागेतून निघालेल्या या मुलीने फर्ग्युसनमध्ये वनस्पती आणि प्राणी यांचाच अभ्यास धरला. 1939 साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईत आल्या. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली 1949 साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवण्याची विद्या त्या काळी ज्या थोड्या लोकांना साधली होती, त्यांत गाय अग्रेसर. 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून काढलेल्या पेशी याच प्रयोगशाळेत वाढल्या. त्या आजही जगभर वाढत आहेत.

ही विद्या घेऊन कमलाबाई परत आल्या. 1952 साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, आणि तिथे त्यांनी ऊतक-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. या देशातली ती पहिली. कर्करोगाला बळी पडणाऱ्या आणि न पडणाऱ्या उंदरांचे वंश पाळून, दुधातला विषाणू, शरीरातील अंतःस्राव आणि आनुवंशिकता यांचा मेळ कसा जुळतो याचा त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. नुसता विषाणू पुरत नाही. त्याला घरातली साथ लागते. हे त्यांच्या कामाचे सार म्हणता येईल. 1966 ते 1970 या काळात त्या केंद्राच्या संचालक होत्या. 1973 साली त्यांनी काही सहकारी स्त्रियांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली, 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि 2001 साली त्या निवर्तल्या.

आम्हा वर्धेकरांना जवळची वाटावी अशी त्यांची आणखी एक कामगिरी आहे. 1958 साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी महारोग्याच्या शरीरातून एक जंतू वेगळा काढून तो काचेत वाढवल्याचे प्रसिद्ध केले, आणि त्या केंद्राच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला. पुढे त्यावरून महारोगाची लस करण्याचे प्रयत्न झाले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी 1936 साली महारोग्यांसाठी वसवलेली वस्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कर्करोगाचे संशोधक त्या वाटेला का गेले हे सांगावे लागणार नाही. माणसांना घराबाहेर काढणारे रोग एकमेकांचे सोयरे असतात.

*

मग उत्तर 'बाहेरून' असेच का? नाही. याच ठिकाणी कथेने वळण घेतले.

1976 साली सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड वार्मस यांनी राउसच्या कोंबड्यांचा विषाणू पुन्हा तपासला. गाठ करणारे त्या विषाणूतले जनुक त्यांनी शोधले, आणि तेच जनुक त्यांना ज्यांना विषाणूचा स्पर्शही झालेला नाही अशा निरोगी कोंबड्यांच्या पेशींत सापडले. विषाणूने ते कुठून आणले होते? कोंबडीकडूनच चोरून. घरातल्याच माणसाला फितवून बाहेरच्याने त्याच्या हातात पेटता पलिता दिला, एवढेच बाहेरच्याचे काम. या शोधाला 1989 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ते जनुक निरोगी पेशीत करते काय? ते एक प्रथिन घडवते, आणि त्या प्रथिनाचे काम निरोप पोचवणे हे असते. पेशीला बाहेरचा निरोप येतो: वाढ, थांब, दुभंग, मर. तो निरोप तिच्या आवरणावर बसलेली ग्राही प्रथिने झेलतात आणि आतल्या प्रथिनांना देतात, ती पुढच्यांना देतात, असा तो पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो. स्टॅन्ली कोहेन यांनी 1962 साली उंदराच्या लाळपिंडातून असाच एक निरोप्या वेगळा काढला. तो टोचला की नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडत. 1984 साली असे आढळले की, या निरोप्याला झेलणारे ग्राही आणि कोंबड्यांच्या दुसऱ्या एका विषाणूतले कर्करोगी प्रथिन ही सख्खी भावंडे आहेत. विषाणूतल्या भावंडाचे बाहेरचे टोक मात्र तुटलेले. त्यामुळे निरोप आला नाही तरी ते आत 'वाढ, वाढ' असेच सांगत राहते.

मास्तराच्या भाषेत सांगायचे तर शाळेची घंटा अडकून बसावी तसे हे आहे. घंटा वाईट नाही. घंटेवाचून शाळा चालायची नाही. पण ती थांबेचना, तर वर्गात काय होईल ते कोणत्याही शिक्षकाला विचारा.

आणि मुंबईच्या उंदरांच्या कुळातल्या त्या दुधातल्या विषाणूचे काय झाले? 1982 साली रूल नुसे आणि हॅरॉल्ड वार्मस यांनी दाखवले की, हा विषाणू स्वतः गाठीचे जनुक आणीत नाही. तो उंदराच्या एका जनुकाच्या शेजारी येऊन बसतो आणि ते जनुक कायमचे जागे करतो. मग 1987 साली कळले की, हे जनुक माशीतही आहे, आणि माशीतल्या त्या जनुकाचे नाव आधीच ठेवले गेले होते. ते ठेवणारा माणूस भारतीय. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांनी 1973 साली फळांवरच्या चिलटांत पंख नसलेला एक प्रकार नोंदवला होता. 1976 साली त्यांनी आणि वि. ला. चोप्रा यांनी त्याचा तपशीलवार अभ्यास छापला. पंख का नाहीत, या निरुपद्रवी प्रश्नाचे उत्तर स्तनांच्या कर्करोगापाशी जाऊन मिळेल, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. गर्भात पंख कुठे, पाय कुठे, हे पेशींना सांगणारा तो निरोप आहे. मोठेपणी तोच निरोप अवेळी वाजला की गाठ होते.

*

आता कोमनच्या सुयांकडे परत यावयाचे.

पेशी एकमेकींना धरून राहतात हे जुनेच ज्ञान. 1864 साली बिझोझेरो या इटालियन डॉक्टराने कातडीच्या पेशींमधले बारीक ठिपके पाहिले होते. आज आपण त्यांना पेशींना जोडणारी बटणे म्हणू. अमेरिकेतल्या एच. व्ही. विल्सनने 1907 साली जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या, तर त्या पाण्यात हळूहळू एकमेकींना शोधीत आल्या आणि त्यांनी पुन्हा स्पंज बांधला. 1953–54 मध्ये लंडनच्या मायकेल ॲबरक्रॉम्बीने पाहिले की, काचेवर चालणाऱ्या निरोगी पेशी एकमेकींना टेकल्या की त्या दिशेने जाण्याचे थांबतात. कर्करोगाच्या पेशी थांबत नाहीत. त्या शेजारणीला टेकूनही पुढे रेटतात.

पण धरतात कशाने? याचे उत्तर मासातोशी ताकेइची या जपानी शास्त्रज्ञाने दिले. क्योतोहून तो काही काळ बाल्टिमोरला गेला होता, म्हणजे कमलाबाईंच्याच गावी म्हणा ना. तिथे पेशी सुट्या करण्याची रीत थोडी वेगळी होती, आणि तिथल्या पेशी क्योतोच्या पेशींसारख्या एकमेकींना धरीनात. दुसरा कोणी असता तर रीत चुकली म्हणून सोडून देता. ताकेइचीने फरक शोधला, तो कॅल्शियमचा निघाला. कॅल्शियम असेल तरच टिकणारे आणि पेशींना जोडणारे एक प्रथिन पेशीच्या अंगावर आहे, हे त्याने ताडले, आणि 1984 च्या सुमारास त्याला 'कॅडहेरिन' असे नाव दिले. हे प्रथिन म्हणजे पेशीचा हात. शेजारणीचा तसाच हात धरून ती उभी राहते. दुसऱ्या जातीची प्रथिने, ज्यांना 1986 साली 'इंटेग्रिन' हे नाव मिळाले, ती पेशीचे पाय. त्यांनी ती आपल्या खालच्या जमिनीला धरून असते. 1991 च्या सुमारास युरोपातल्या प्रयोगशाळांनी दाखवले की, कॅडहेरिन गेले की पेशी शेजारच्या ऊतकात घुसू लागतात, आणि ते परत दिले की घुसणे थांबते. कोमनने सुईने मोजलेल्या पकडीला आता नाव मिळाले.

न्यूझीलंडमधल्या एका माओरी घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसे पोटाच्या कर्करोगाने मरत. घराण्यातल्या काहींना तो शाप वाटे. त्यांनी स्वतः शास्त्रज्ञांना बोलावून आपली वंशावळ पुढे ठेवली, आणि 1998 साली उत्तर मिळाले: त्या घराण्यात कॅडहेरिनचे जनुकच सदोष होते. शापाचे नाव कळले, आणि नाव कळताच पुढच्या पिढीला वेळेवर तपासून वाचवणे शक्य झाले.

आता सर्वांत विलक्षण गोष्ट. कॅडहेरिनचा हात पेशीच्या आत ज्या प्रथिनाला बांधलेला असतो, त्याचे नाव बीटा-कॅटेनिन. 1991 साली हे प्रथिन तपासताना लोक चकित झाले, कारण ते माशीतल्या त्याच पंखांच्या निरोपाच्या साखळीतले एक कडे निघाले! म्हणजे जो हात धरून ठेवतो तोच निरोपही नेतो. बीटा-कॅटेनिन पेशीच्या कडेला असले तर शेजारणीचा हात घट्ट असतो. ते सुटून केंद्रकात गेले तर 'वाढ' हा हुकूम सुटतो. निरोगी पेशी जादा सुटलेले बीटा-कॅटेनिन लगोलग मोडून टाकते. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य कर्करोगांत हे मोडणारे यंत्रच बिघडलेले असते, हे 1993 साली समजले. ते शोधणाऱ्यांपैकी एक चमू पुन्हा बाल्टिमोरचा. धरणे आणि ऐकणे या दोन निराळ्या गोष्टी नाहीत, हे त्या दिवशी शास्त्राला कळले. राउसच्या कोंबड्यांचे प्रथिनही पेशीचे पाय जिथे जमिनीला टेकतात तिथेच गोळा होते, हे 1980 सालीच दिसले होते.

आणखी एक नियम 1994 साली सापडला. जागेवरून उखडलेली निरोगी पेशी फार काळ जगत नाही, ती स्वतःहून मरते. तिला वाढीचे निरोप मिळतात तेही तिचे पाय जमिनीवर असतात म्हणूनच. या मरणाला शास्त्रज्ञांनी ग्रीक भाषेतून जे नाव दिले त्याचा अर्थ 'बेघरपणा' असा होतो. कर्करोगाची पेशी हा नियम मोडते. हात सुटला तरी मरत नाही, रक्तातून दूरच्या गावी जाते आणि तिथे वस्ती करते. ही वस्ती कुठेही होत नाही, बीज आणि जमीन यांचा मेळ लागतो, हे स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यवैद्याने स्तनांच्या कर्करोगाने मेलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी पाहून 1889 सालीच सांगून ठेवले होते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही.

*

आता आपल्या तोंडाकडे येऊ. आमच्या समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. तिथे शेख फरीद यांचा दर्गा. टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल दगड सापडतात. फकिराची टवाळी करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड होऊन पडला, अशी आख्यायिका आहे. लहानपणी आम्ही ते दगड खिशात भरून आणीत असू. त्यांनी आमचे काही वाईट झाले नाही. वाईट होते आहे ते खऱ्या सुपारीने.

विदर्भात खर्रा म्हणतात तो पदार्थ म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला. महाराष्ट्र सरकारने जुलै 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण खर्रा पानठेल्यावर आजही घोटला जातो. तंबाखूचे दोष सर्वांना ठाऊक आहेत. नुसती सुपारीदेखील कर्करोग करते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 2004 साली दिला, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या आतल्या पेशींना 'तंतू घाल, तंतू घाल' असा निरोप सतत जात राहतो. चुन्यामुळे त्या द्रव्यांचा मारा अधिकच वाढतो. मऊ गाल आतून दोरखंडासारखा ताठ होतो आणि तोंड उघडेनासे होते. मुंबईच्या डॉ. जोशी यांनी 1953 साली या विकाराचे वर्णन केले. यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो.

तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशी बिझोझेरोच्या त्या बटणांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. परळच्या संशोधन केंद्राचा वारसा आज नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या संशोधन संस्थेत चालू आहे. तिथे सोराब दलाल यांच्या प्रयोगशाळेने 2008 साली दाखवले की, या बटणांतले प्लाकोफिलिन-3 नावाचे एक प्रथिन काढून घेतले की पेशींची पकड ढिली होते, त्या अधिक हिंडू लागतात आणि उंदरांत त्यांच्या गाठी दूरवर पसरतात. खानोलकरांनी ज्या रोग्यांची गणना केली त्यांच्या गालात काय तुटले होते, ते त्यांच्याच वारसांनी साठ-पासष्ट वर्षांनी पाहिले.

या ज्ञानाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग झाला आहे. अडकलेली घंटा थांबवणारी औषधे निघाली. स्तनांच्या एका प्रकारच्या कर्करोगावर 1998 साली, आणि रक्ताच्या एका कर्करोगावर 2001 साली. दुसऱ्या औषधाच्या पेटंटाचा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1 एप्रिल 2013 रोजी न्यायालयाने पेटंट नाकारले आणि देशी कंपन्यांचे स्वस्त औषध गरिबाला मिळत राहिले. तुटलेला हात पुन्हा जोडणे मात्र जास्त कठीण आहे. पेशीचे पाय बांधू पाहणारे एक औषध मेंदूच्या कर्करोगावर मोठ्या चाचणीत 2014 साली निष्फळ ठरले. तेव्हा हात सुटण्याआधीच सांभाळणे हाच तूर्त शहाणपणा.

आमच्या दहावीच्या वर्गात गेल्या वर्षी एक मुलगा होता. कवितेच्या तासाला त्याचे उच्चार बोबडे येऊ लागले. मी रागावलो. मग जवळ बोलावून तोंड उघडायला सांगितले, तर दोन बोटेसुद्धा शिरेनात. वय सोळा. त्याच्या बापाला घेऊन मी सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलो. गाठ नव्हती, गाल ताठला होता. खर्रा सुटला आहे असे तो म्हणतो. मी विश्वास ठेवतो, आणि दर सोमवारी त्याचे तोंड उघडून पाहतो.

मामांना आज उत्तर देता आले असते. मामा, चिमूट बाहेरून आली, पण गाठ घरचीच. आपलीच पेशी, तिने ऐकणे सोडले आणि शेजारणीचा हात सोडला. ती दुसऱ्याच्या गडव्यातून कोणाला लागत नाही, मांडीवर बसलेल्या पोरीला तर नाहीच. ओसरीवर तुम्हाला टाकले ती चूक रोगाची नव्हती, आमची होती. आणि त्यात मीही होतो.

दिवाळीत आलेल्या पाहुण्यापुढे सुपारीचे तबक ठेवायची आपली रीत आहे. यंदा आमच्या घरी तबकात बडीशेप आणि खडीसाखर राहील. तेवढे चालवून घ्यावे, अशी आल्यागेल्यांना विनंती आहे.